टेकडीवरून आलेली खाज

अंगावरची सगळ्यांत पातळ कातडी पापणीची. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, लसणीच्या पाकळीवरच्या आतल्या पापुद्र्यासारखी. तिच्याखाली चरबीचा थर नाही, तेल पाझरणाऱ्या ग्रंथी मोजक्या, आणि खालची जागा सैल. त्यामुळे जरा काही बिनसलं की पाणी तिथेच साठतं आणि माणूस सकाळी अर्धे डोळे घेऊन उठतो. तळहाताला वर्षानुवर्षं ज्याचा पत्ताही लागत नाही ते पापणीला एका दुपारी कळतं. आणि हात तर दिवसभर डोळ्यांपाशी जात-येत असतो. जे बोटांना लागलं ते शेवटी पापणीला लागलंच.

डोळ्यांभोवतीचा इसब ज्याला झालेला नाही त्याला तो किरकोळ वाटतो. ताप नाही, प्लास्टर नाही, रजा टाकावी असं काही दिसत नाही. पण ज्याला होतो त्याचं सगळं जगणं त्या दोन बोटं जागेभोवती गोळा होतं. वरच्या पापणीच्या दुमडीत बारीक चिरा पडतात, कडा लालसर जांभळ्या होतात, कोपऱ्याला खपली धरते. तोंड धुताना पाणी झोंबतं, हसलं तरी कातडी ओढली जाते. खाज दिवसा कामात विसरायला होते आणि पहाटे तीन-साडेतीनला नेमकी जागी होते. शिवाय हा आजार झाकता येत नाही. पायाला काही झालं तर साडी आहे, हाताला झालं तर बाही आहे. डोळ्यांना काय घालणार? समोरचा माणूस बोलताना बघतो तेच तिथे. भाजीवालीपासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत प्रत्येकाने मला हळूच विचारलेलं आहे, ‘‘रडलात का हो?’’ त्या प्रश्नात माया असते, म्हणून तो जास्त टोचतो. काही झालेलं नसताना दिवसभर दुःखी दिसत राहणं, याचाही एक थकवा असतो.

माझा हा इसब साधारण गौरी-गणपतीच्या सुमाराला उमलायचा आणि दिवाळी उलटली की ओसरायचा. पुण्यातले सगळ्यांत सुंदर महिने तेच. वेताळ टेकडी हिरवीगार, खाणीत पाणी साठलेलं, हवेत उकाडा नाही आणि अजून थंडीही नाही. आम्ही त्या टेकडीच्या पायथ्याशी राहतो. सकाळी सहाला चढून वर जायचं, सूर्य उगवताना सिंहगडाच्या बाजूला बघत उभं राहायचं आणि खाली येऊन डबे करायचे, असा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

उपाय मागावे लागले नाहीत, ते आपणहून चालत घरी आले. शेजारच्या काकूंनी काकडी सांगितली, चुलत सासूबाईंनी दुधाची साय. कुणी गुलाबपाणी, कुणी कोरफडीचा गर, कुणी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायला सांगितले. हळद आणि मध तर मराठी घरात सगळ्याच दुखण्यांवर उभे असतात. या सगळ्यांच्या मागे खरी कळकळ होती आणि त्यातले काही उपाय खरंच आराम देणारे होते. पण सगळे पापणीच्या लायकीचे नव्हते, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. काकडीची थंडगार चकती सूज थोडी उतरवते, ती थंडाव्याने. तेच काम साध्या पाण्याची पट्टी करते आणि तिच्यातून चिरांमध्ये काही झिरपत नाही. गुलाबपाणी म्हणून बाजारात मिळतं त्यात अनेकदा अत्तर आणि टिकवण्याची रसायनं असतात, आणि वास हाच इसबाचा मोठा शत्रू. हळदीची स्वतःचीच ॲलर्जी काहींना असते. लिंबू, बेकिंग सोडा, कापूर घातलेलं कुठलंही मलम आणि बाम यांना डोळ्यांच्या आसपास फिरकूही देऊ नये. काजळ घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं असलं तरी फुटलेल्या कातडीला ती शेवटी काजळीच, आणि बाजारच्या सुरम्यात तर शिसं सापडलेलं आहे. खोबरेल तेल किंवा साधं, बिनवासाचं व्हॅसलिन मात्र फुटलेल्या कातडीवर पातळसं लावलं तर ओल धरून ठेवतं. त्यात काही नवल नाही म्हणून कुणी ते कौतुकाने सांगत नाही.

सासूबाईंचा उपाय वेगळा होता. त्या सासवडच्या. त्यांनी माझे डोळे बघितले, काही बोलल्या नाहीत, आणि माळ्यावरून तांब्याची परात खाली काढायला लावली. चिंच-मिठाने ती लखलखीत घासून घेतली. मग घरच्या लोण्याचं, रवाळ, पिवळं साजूक तूप वाटीभर तिच्यात घातलं, वर माठातलं गार पाणी, आणि तांब्याच्या पेल्याच्या बुडाने ते गोल गोल घोळायला सुरुवात केली. पाणी गढूळ झालं की परात तिरकी करून ते ओतून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा घोळायचं. असं शंभर वेळा. शतधौत घृत. हिशेब चुकू नये म्हणून शेजारी दोन वाट्या ठेवलेल्या. प्रत्येक धुण्याला एका वाटीतला हरभरा दुसऱ्या वाटीत.

मी समोर बसून ते बघत होते. पहिल्या काही धुण्यांत तूप हट्टी असतं, गोळ्यागोळ्याने परातीभर पळतं, पाण्याला दाद देत नाही. मग केव्हातरी त्याचा रवा मोडतो. पिवळेपणा उतरायला लागतो, वास विरत जातो, आणि तूप पाण्याला आपल्यात थोडं थोडं घेऊ लागतं. निम्मे हरभरे सरले तेव्हा ते फिकट झालं होतं आणि दुपटीने फुगलेलं वाटत होतं. शेवटी शेवटी परातीत जे उरलं ते पांढरंशुभ्र होतं, चिमटीत घेतलं तर दाणा लागत नव्हता आणि नाकाशी नेलं तर तुपाचा मागमूस नव्हता. सासूबाईंचा पदर घामाने भिजलेला. मधे मी म्हटलं, ‘‘आई, मी करते थोडं, तुम्ही टेका जरा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘तू डोळे मिटून बस. उन्हाकडे तोंड करू नकोस.’’

या तुपात जादू नाही. त्यात बारीक विखुरलेलं पाणी कातडीवर हळूहळू उडून जातं, म्हणून गार वाटतं. आणि मागे राहिलेला स्निग्ध थर चिरा झाकून आतली ओल अडवतो. दुकानातल्या चांगल्या बिनवासाच्या क्रीमचं कामही जवळपास याच रीतीने चालतं. फरक इतकाच की यात टिकवण्याचं औषध नाही, म्हणून ते थोडंच करायचं, स्वच्छ डबीत, फ्रीजमध्ये ठेवायचं, बोट न बुडवता स्वच्छ चमच्याने काढायचं आणि वास बदलला की सरळ टाकून द्यायचं. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट बघायची. डोळ्यांच्या आत ते जाता कामा नये. हे नियम सासूबाईंनी मला पाठ करायला लावले होते, एखादी औषधांची दुकानदारीण लावेल तितक्या कडकपणे.

पण त्या तुपाहून मला जास्त आठवते ती रात्रीची वेळ. उकळून गार केलेलं पाणी फ्रीजमध्ये ठेवलेलं, सासऱ्यांच्या जुन्या धोतराचे मऊ तुकडे कापून, उकळून, उन्हात वाळवलेले. तो तुकडा पाण्यात बुडवून, पिळून, मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं. पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. कातडी ओलसर असतानाच वर तुपाचं बोट. हाताची नखं आधीच मुळापर्यंत कापलेली. आणि पहाटे खाजेने जाग आली की शेजारच्या खोलीतून सासूबाई उठून यायच्या. ‘‘खाजवू नको’’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. ज्याला खाज सुटली आहे त्याला हे सांगण्याइतकं निरुपयोगी काही नसतं. त्या माझं मनगट आपल्या हातात धरून बसायच्या आणि पुरंदरच्या अंजिरांच्या बागांबद्दल बोलायच्या: बहार कुठला धरायचा, पाखरांपासून फळं कशी राखायची, दुरडीत पानं कशी अंथरायची. बोलता बोलता खाजेची लाट येऊन जायची. लाट येऊन जाते, हे त्या अंधारात पटायला दुसरं माणूस लागतं. घरगुती उपाय म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या पकडलेल्या मनगटाचं नाव आधी घेईन.

इसब त्याने निवायचा आणि परत यायचा. हे कोडं मात्र परातीत सुटणारं नव्हतं.

शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनी डोळ्यांकडे बघितलंच, पण त्याआधी म्हणाल्या, ‘‘हनुवटी वर करा.’’ मग कानामागे बघितलं, मानेच्या वळ्या बघितल्या, कोपराचे खळगे बघितले. तिथेही पुसट लाली होती. माझं लक्षच नव्हतं. त्या म्हणाल्या, उन्हाने बाधा झाली असती तर नाक, कपाळ, गाल पेटले असते आणि हनुवटीखालची सावलीतली जागा वाचली असती. इथे उलटं आहे. हे हवेतून उडत येऊन वळ्यांमध्ये बसणारं काहीतरी आहे. ‘‘टेकडीवर जाता का?’’

पाठीवर पॅच टेस्टच्या चिकटपट्ट्या लावल्या, दोन दिवस आंघोळीला पाठ कोरडी ठेवली. पट्ट्या काढल्या तेव्हा सगळ्या चौकोनांत एकच चौकोन लाल होऊन उठला होता. गाजरगवत.

पुण्याच्या माणसाला गाजरगवत दाखवावं लागत नाही. काँग्रेस गवत म्हणून ते पोरासोरांना माहीत असतं. रिकामा प्लॉट, रेल्वेचा रूळ, नदीपात्राची कडा, टेकडीवरची उकरलेली माती, जिथे जमीन उघडी पडली तिथे ते. गाजराच्या पानांसारखी चिरलेली पानं, खोडावर उभ्या रेघा, शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे गुच्छ. जवळून बघितलं तर सगळ्या अंगावर सूक्ष्म लव दिसते. त्या लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं आणि गवत वाळलं, तुडवलं गेलं की ती लव मोडून धुळीबरोबर उडते. पावसाळ्याच्या शेवटी ते ऐन भरात असतं. गौरी-गणपती ते दिवाळी. माझ्या पापण्यांचं पंचांग अगदी बरोबर होतं.

आणि हे गवत तर पुण्याच्या नावावर लागलेलं आहे. मूळ अमेरिका खंडातलं, मेक्सिकोकडचं. परदेशी धान्याच्या पोत्यांतून आलं असं मानतात. रो. शे. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची भारतातली नवी नोंद छापली, ती पुण्यात सापडलेल्या झाडांवरून. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया. त्यामुळे पुढच्या काही दशकांत ते देशभर झालं. त्याने माणसाची कातडी पेटते हे भारतात प्रथम ज्यांनी मांडलं त्यांतही पुण्याचेच डॉक्टर होते. डॉ. लोणकरांनी १९६८ मध्ये डॉ. जोगांबरोबर त्याचा रुग्ण नोंदवला आणि १९७४ मध्ये मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर लंडनच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. माझ्या जन्माच्या आधी या शहरात माझ्या दुखण्याचं निदान झालेलं होतं. ते कागदावरून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला एवढा काळ लागला, याची मला हळहळ वाटते. इसबाचे उपाय आम्हाला डझनाने तोंडपाठ होते. त्याचं कारण मात्र रोज चपलांना चिकटून घरात येत होतं.

‘‘पण मी तर कधीपासून टेकडीवर जाते, मग आत्ताच का?’’ हे मी विचारलं. बाईंनी सांगितलं ते असं की ही ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. शरीर त्या पदार्थाला पुन्हा पुन्हा भेटतं, मुकाट्याने ओळख ठेवतं आणि कित्येक वर्षांनी एके दिवशी ठरवतं की आता पुरे. त्यानंतर मात्र विसरत नाही.

मग घरातल्या कितीतरी गोष्टींकडे नव्याने बघावं लागलं. शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही सगळी गाजरगवताच्याच कुळातली. ज्याला एकाची बाधा त्याला दुसऱ्याची होऊ शकते. गौरींसाठी शेवंतीच्या वेण्या मी करायचे, दसऱ्याला मंडईतून पिशव्या भरभरून झेंडू आणून तोरणं मीच ओवायचे, आणि ओवता ओवता त्याच बोटांनी कपाळावरची बट मागे सारायचे. आजकाल डोळ्यांच्या आरामासाठी कॅमोमाइलच्या चहाच्या पुड्या ठेवायला सांगतात. तेही याच कुळातलं फूल. म्हणजे दुखण्याचाच भाऊबंद औषध म्हणून डोळ्यांवर ठेवायचा. प्रत्येकाचं कारण गाजरगवतच असेल असं नाही. कुणाला नेलपॉलिश बाधतं, आणि गंमत अशी की ते बोटांना काही करत नाही, पापणीला करतं. कुणाला केसांचा कलप, कुणाला टिकलीचा गोंद, कुणाला चष्म्याच्या फ्रेममधलं निकेल. म्हणून नुसती पापणी बघून चालत नाही. माणूस कुठे जातो, काय ओवतो, केसांना काय लावतो, हे सगळं विचारावं लागतं. डॉक्टरकडे ही चौकशी करायला पाच मिनिटं असतात. घरच्यांकडे अख्खा दिवस असतो, आणि घरच्यांनी उपायाआधी हा दिवस द्यावा, असं मला फार वाटतं.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मत सौम्य नाही. औषधाच्या दुकानात ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की पटकन एक ट्यूब पुढे येते. तिच्यात बहुधा कडक स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत पापणी सुरेख दिसते आणि माणूस सुटकेच्या आनंदात ते महिनोन्‌महिने लावत बसतो. पातळ कातडीतून ते आत जातं. कातडी आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूपर्यंतही गोष्ट जाऊ शकते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली, ती उगाच नव्हे. डॉक्टर स्वतः कधी थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड देतात, कधी टॅक्रोलिमससारखं वेगळं मलम देतात; ते त्यांच्या नजरेखाली घ्यावं. आणि डोळा दुखायला लागला, दिसायला अंधुक झालं, पू आला किंवा पाण्याच्या फोडांचा घोस उठला, तर तूप आणि पट्ट्या बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मी आता पावसाळ्याच्या शेवटी टेकडीवर जात नाही. उन्हाळ्यात जाते, पहिल्या पावसात जाते, गवत फुलायला लागलं की खाली राहते. बाहेरून आलं की तोंड साध्या पाण्याने धुवायचं, कपडे बदलायचे, गवतावरून आलेल्या वाऱ्यात अभ्रे वाळत घालायचे नाहीत. हे बोलायला सोपं आहे. ऑक्टोबरच्या सकाळी गॅलरीतून वरची पिवळी उन्हं दिसतात तेव्हा ते सोपं नसतं.

याच दिवसांत एकदा आमच्या सोसायटीचे माळीकाका मागच्या भिंतीलगतचं गवत उपटताना दिसले. उघडे हात, डोक्याला टॉवेल, कमरेएवढं फुललेलं गाजरगवत कवेत घेऊन ढीग लावत होते. मी हातमोजे घेऊन खाली गेले. त्यांनी मोजे घ्यायला हात पुढे केला तेव्हा कोपराच्या खळग्यातली कातडी दिसली: काळी, जाड, चामड्यागत निबर झालेली. मग पापण्या बघितल्या. त्याही तशाच. ‘‘कधीपासून आहे, काका?’’ ‘‘झाली की पाच-सात वर्षं. उष्णता आहे अंगात.’’ त्यांनी एरंडेल लावलं होतं, कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळी केल्या होत्या, ताकात भिजवलेल्या टाकळ्याच्या बियांचा लेप दिला होता. टाकळा गजकर्णावरचा जुना उतारा, पण हे गजकर्ण नव्हतं. उतारा चुकीच्या रोगावर लागत होता आणि दर पावसाळ्यात पहाट उजाडली की काका पुन्हा त्याच गवतात उभे.

या आजाराचे खरे धनी असे आहेत. शेतकरी, माळी, सफाई कामगार, रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्या बाया. मी टेकडी सोडू शकते. त्यांना त्यांचं गवत सोडता येत नाही.

काकांना आम्ही ससून रुग्णालयाच्या कातडीच्या ओपीडीत नेलं. निदान माझंच निघालं. औषधं मिळाली, गवताला हात लावू नका असं सांगितलं गेलं. बाहेर येऊन रिक्षाची वाट बघताना काका म्हणाले, ‘‘ताई, मग कामाचं काय?’’

त्या प्रश्नावर सोसायटीच्या सभेत पुष्कळ बोलणं झालं. एक माळी बदलून दुसरा आणायचा, असं एकाने सुचवलं. म्हणजे पाच-सात वर्षांनी दुसऱ्याच्या पापण्या. शेवटी ठरलं ते असं. काकांकडे पंपाचं आणि कुंड्यांचं काम, पगार तोच. गवत फुलावर येण्याआधी, म्हणजे श्रावण लागतालागता, जमीन ओली असताना मुळासकट काढायचं. ज्यांना बाधा नाही अशांनी, मोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं बांधून, ओळीने मिळून. देशभर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह पाळतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळुरूकडे सोडलेला एक भुंगा ही पानं खातो. तो पावसाळ्यात आमच्या भिंतीवरही दिसतो, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो आणि गवत तेवढ्यात सावरतं. म्हणून मोकळ्या झालेल्या जागी टाकळा पेरायचा, हे काकांनीच सुचवलं. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा उरत नाही, शेतीशास्त्रज्ञही तेच सांगतात. शिवाय कोवळा असताना त्याची भाजी होते.

पहिल्या पावसानंतर भिंतीलगत टाकळा उगवला. गाजरगवतही उगवलं, पण कमी. काकांच्या पापण्यांचा काळेपणा अजून गेलेला नाही; इतक्या वर्षांचं निबरपण उतरायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणतात. खाज मात्र रात्रीची थांबली आहे. सासूबाईंच्या हाताला आता तेवढा जोर नाही, म्हणून परात माझी मुलगी धरते, आणि या खेपेला तूप दोन डब्या झालं.